शहापूर : जमिनीची तार आणि आकाशाची वाट

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालेला प्रवासी कन्हान नदी ओलांडून मौद्याच्या पुढे आला, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या दिसू लागतात. रोवणी आटोपलेली असेल, तर नजर पोहोचेल तिथवर पाणी आणि त्यातून डोकावणारे पोपटी धान; मध्येच एखादी बोडी आणि तिच्या पाळीवर मोहाचे झाड. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, त्याची खूण इथेच पटू लागते. भंडारा शहराच्या थोडे अलीकडे, या रस्त्यावरच शहापूर आहे. जवाहरनगरची आयुधनिर्माणी याच परिसरातली. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे झालेल्या भीषण स्फोटात कामगारांचे बळी गेले आणि काही दिवस या भागाचे नाव देशभर घेतले गेले. एरवी शहापूर हे वाटेवरचे गाव. प्रवासी ते पाहतो, पण तिथे थांबत नाही.

गाव म्हणावे तर अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, महामार्गालगत दुकानांची रांग आहे. शहर म्हणावे तर दुकानांच्या मागे दोनशे पावलांवर बांध्या सुरू होतात. समोरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘सहा नंबर’, सुरतजवळच्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जातो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय. सकाळी नागपूरहून निघालेला माल दुपारच्या आत दुकानी उतरतो आणि इथला माल छत्तीसगडकडे त्याच रस्त्याने जातो.

या रस्त्यालगत मालाबरोबर आणखी एक गोष्ट धावते. ती दिसत नाही. जमिनीखाली गाडलेली काचेची बारीक तार, आणि तिच्यातून प्रकाशाच्या वेगाने जाणारे संदेश. मोठ्या कंपन्यांच्या तारा शक्यतो महामार्गांच्या कडेनेच टाकल्या जातात. महामार्गावरच्या गावाला त्याचा लाभ मिळतो आणि त्रासही होतो. रस्ता रुंद होतो, नाली खणली जाते, नवा पूल उभा राहतो, तेव्हा पहिला घाव त्या तारेवरच बसतो.

एक घर, तीन पिढ्या

अशा गावातले एक व्यापारी घर डोळ्यांसमोर आणावे. पुढे भांड्यांचे दुकान, मागे चौक, चौकात कडुनिंब आणि त्यामागे राहते घर. पितळेच्या भांड्यांसाठी भंडाऱ्याची ख्याती जुनी. या घराच्या दोन पिढ्या त्याच धंद्यावर वाढल्या. आजोबा अजून सकाळी गादीवर बसतात. मुलगा दुकान चालवतो. नातू पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. त्याच्या कंपनीने त्याला घरून काम करण्याची मुभा दिली आणि तो पत्नीसह गावी परतला. घरातल्या सर्वांना आनंद झाला. आजीने वरच्या खोलीला रंग काढून घेतला.

पहिल्याच पावसाळ्यात अडचण उभी राहिली. ऐन बैठकीत इंटरनेट तुटले. दोन दिवसांनी पुन्हा तुटले. एकदा रायपूरकडे निघालेली मालाची गाडी दुकानासमोर तीन तास उभी राहिली, कारण ५०,००० रुपयांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल लागते, आणि ते काढायला ना घरची लाइन चालू होती ना हातातला मोबाइल. आजीला रोज सकाळी फोनवर प्रवचन ऐकण्याची सवय. तेही अर्ध्यावर थांबू लागले.

एका संध्याकाळी नातू म्हणाला, “बाबा, ही तार काढून टाकू. आता उपग्रहावरून इंटरनेट येणार आहे. गच्चीवर एक तबकडी बसवली की झाले. ना खांब, ना खोदकाम.”

वडील गप्प राहिले. नातवाने न बोललेले वाक्य त्यांना ऐकू आले होते. लाइन अशीच राहिली, तर त्याला पुण्याला परत जावे लागेल. वरच्या खोलीला पुन्हा कुलूप लागेल. प्रश्न इंटरनेटचा दिसत होता, पण त्याच्या आत घर नांदते राहण्याचा प्रश्न होता.

आकाशाची जुनी ओळख

आकाशातून थेट खेड्यात संदेश उतरवण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. ती ज्यांनी सर्वांत आग्रहाने मांडली, ते डॉ. विक्रम साराभाई अहमदाबादच्या एका जैन गिरणीमालक घराण्यात १९१९ साली जन्मले. शहरांपासून तारा टाकत टाकत खेड्यांपर्यंत पोहोचायला दशके लागतील. उपग्रह मात्र शहर आणि खेडे यांत भेद करत नाही, असा त्यांचा विचार होता. १९६९ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची ‘नासा’ यांच्यात करार झाला. त्याचे फळ पाहण्यापूर्वीच, ३० डिसेंबर १९७१ रोजी, साराभाईंचे निधन झाले.

महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे. परदेशांशी उपग्रहामार्फत संपर्क साधणारे देशातील पहिले भू-केंद्र १९७१ मध्ये आर्वी येथे कार्यान्वित झाले. विदर्भातील वाचकाला आर्वी म्हटले की वर्ध्याची आठवते. ही आर्वी पुणे जिल्ह्यातली, जुन्नर-नारायणगावच्या बाजूची. ते केंद्र आज विक्रम साराभाईंच्याच नावाने ओळखले जाते.

करारातून १ ऑगस्ट १९७५ रोजी एक मोठा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवले गेले. तारेच्या जाळीची, सुमारे दहा फुटांची तबकडी उभी राहिली आणि शेती, आरोग्य, शिक्षण यांचे कार्यक्रम थेट आकाशातून उतरू लागले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. मात्र याच महामार्गाने पूर्वेला गेल्यावर लागणारा रायपूरचा भाग, त्या वेळचा मध्य प्रदेश, त्यात होता. ज्या गावांत वीजही नवी होती, तिथे माणसे संध्याकाळी संचासमोर जमू लागली.

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला. उपग्रह अमेरिकेचा होता, वर्षभराच्या बोलीवर मिळाला होता; तो परत गेला आणि बहुतेक खेड्यांतले पडदे काळे झाले. प्रयोगाने पुष्कळ शिकवले. त्याच अनुभवावर देशाची स्वतःची इन्सॅट उपग्रहमाला पुढे उभी राहिली. पण व्यापाऱ्याने त्यातून घ्यावयाचा धडा आणखी साधा आहे. उसन्या आकाशावर घर चालवायचे असेल, तर बोली कोणाशी, किती दिवसांची आणि मोडली तर काय, हे आधी विचारून घ्यावे.

आजची स्थिती

तेव्हाचा उपग्रह आणि आजचा उपग्रह यांत मोठा फरक आहे. जुने दळणवळण उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतात. पृथ्वीच्या फिरण्याशी त्यांची गती जुळलेली असल्याने ते आकाशात एका जागी स्थिर दिसतात. बँकांच्या शाखांवर दिसणाऱ्या तबकड्या अशाच उपग्रहांशी बोलतात. अंतर एवढे, की प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो. पैशांच्या व्यवहाराला तो चालतो. समोरासमोरच्या बोलण्यात मात्र अडखळल्यासारखे होते.

नव्या पद्धतीत उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात. शहापूरहून मुंबई जितकी दूर, त्याहूनही हे अंतर कमी. त्यामुळे विलंब जवळजवळ जाणवत नाही. पण इतक्या खालचा उपग्रह एका जागी राहू शकत नाही. तो काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो आणि तबकडीला पुढचा उपग्रह धरावा लागतो. म्हणून असे हजारो उपग्रह लागतात, आणि म्हणूनच तबकडीला विस्तीर्ण मोकळे आकाश लागते. चौकातला कडुनिंब, शेजारची पाण्याची टाकी, पलीकडची तीन मजली इमारत, यांपैकी काहीही मध्ये आले तर संदेश क्षणोक्षणी तुटतो. मुसळधार पावसातही या लहरी क्षीण होतात. आणि भंडाऱ्यात पाऊस पडतो तेव्हा तो मुसळधारच पडतो.

परवान्यांचे चित्र असे. स्टारलिंक या अमेरिकी कंपनीला जून २०२५ मध्ये भारत सरकारचा दूरसंचार परवाना मिळाला. वनवेब आणि जिओ-एसईएस यांच्याकडे तो आधीच होता. परवाना मिळाला म्हणजे दुकान उघडले असे नव्हे. लहरींचे वाटप, त्यांचे शुल्क, सुरक्षेच्या चाचण्या हे टप्पे त्यापुढचे. २०२५ च्या अखेरीपर्यंत सर्वसामान्य घरांसाठी स्टारलिंकची सेवा सुरू झालेली नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये या कंपनीच्या संकेतस्थळावर महिन्याला ८,६०० रुपये आणि यंत्रसामग्रीला ३४,००० रुपये असे आकडे झळकले. ते केवळ चाचणीचे होते, खरा भाव जाहीर झालेला नाही, असा खुलासा कंपनीने लगेच केला.

आपल्या अनेक कुटुंबांत एक भाऊ किंवा बहीण अमेरिकेत असते. या घरातही आत्या तिकडेच. तिने फोनवर सुचवले, “दिवाळीला येताना मीच एक तबकडी घेऊन येते.” आजोबांनी नकार दिला, आणि तो योग्यच होता. परवानगीवाचून उपग्रहाशी जोडणारे असे यंत्र देशात आणणे वा वापरणे कायद्याला धरून नाही. २०२१ मध्ये परवाना नसताना आगाऊ नोंदणी घेतली गेली, तेव्हा दूरसंचार विभागाने लोकांना सावध केले होते आणि पुढे कंपनीला तो बयाणा परत करावा लागला होता.

चातुर्मासाची वही

आजोबांनी नातवाला विरोध केला नाही. त्यांनी फक्त एक कोरी वही काढली आणि वरती आषाढाची तिथी घातली. “कार्तिकापर्यंत लिहू,” ते म्हणाले. “केव्हा तुटले, किती वेळ, कशामुळे, आणि त्यामुळे काय अडले. खर्च करायचा तो हिशेब पाहून करू.”

चार महिने नोंदी होत राहिल्या. नातसून सर्वांत काटेकोर निघाली. ती मिनिटेही टिपत असे. आजीनेही दोन नोंदी सांगून लिहवून घेतल्या. कार्तिकात वही उघडली तेव्हा २३ नोंदी होत्या. त्यांतल्या १३ वेळा तार शाबूत होती. वीज गेल्यामुळे मोडेमच बंद पडले होते. दोन वेळा रिचार्जची तारीख विसरली होती. पाच वेळा तार खरोखर तुटली; त्यांतल्या तीन एकाच आठवड्यातल्या, नालीचे खोदकाम चालू असतानाच्या. उरलेल्या तीन वेळा कंपनीच्याच यंत्रणेत बिघाड होता.

वहीने सर्वांनाच चकित केले. १५ वेळा तबकडी असती तरी काहीच फरक पडला नसता. उलट तबकडी साधारण ७५ ते १०० वॉट वीज खाते, तर घरचे छोटे मोडेम दहा-बारा वॉटवर भागवते; वीज गेल्यावर बॅटरीवर कोण जास्त वेळ टिकेल, हे उघड आहे. राहिल्या आठ नोंदी. त्यांतल्या सहा वेळा मोबाइलच्या इंटरनेटवर काम निभावले होते. घरची तार आणि मोबाइल दोन्ही एकदम बंद, असे फक्त दोनदा घडले. दोन्ही मिळून पाच तास.

“चार महिन्यांत पाच तास,” आजोबा म्हणाले. “त्यासाठी महिन्याला किती मोजायचे, ते आता तू सांग.”

नातू थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला. “आजोबा, हिशेब बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण त्या पाच तासांतले दोन माझ्या कामाचे होते. तुमची गाडी तीन तासांनी तरी निघाली. माझी बैठक पुन्हा होत नाही. असे आणखी दोनदा झाले, तर कंपनी मला पुण्यालाच बोलावील.”

आजोबांनी ते मान्य केले. वहीत तास मोजले होते. एका तासाची किंमत प्रत्येकासाठी वेगळी असते, हे तिच्या रकान्यांत कुठेच नव्हते. त्यांनी मुलाला हाक मारली आणि त्या रात्री तिघांनी मिळून निर्णय केला. तार ठेवायची. मोडेमसाठी छोटी बॅटरी घ्यायची, म्हणजे १३ नोंदींचे मूळच जाईल. रिचार्जची तारीख दुकानाच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहायची. दुसऱ्या कंपनीची, तारेऐवजी मोबाइल मनोऱ्यावरून चालणारी जोडणी वरच्या खोलीत घ्यायची. त्याच मनोऱ्याची नको, दुसऱ्या दिशेच्या मनोऱ्याची, म्हणजे दोन्ही एकदम बंद पडण्याची भीती कमी. उपग्रहाचे दार मात्र बंद करायचे नाही. भाव जाहीर होऊ दे, शेजारपाजारी कोणाकडे एक पावसाळा निघू दे. पुढच्या कार्तिकात वही पुन्हा उघडू.

आणखी एक गोष्ट त्या वहीने दाखवली. तार तुटली त्या पाचही वेळा ती जोडायला आलेला तरुण शेजारच्याच गावचा होता. एकदा तो भर पावसात मोटारसायकलवर आला आणि खांबावर चढण्याआधी आजीच्या हातचा चहा प्यायला. त्याच्या महिन्याच्या मिळकतीत या घराचे चारशे-पाचशे रुपये असतात. तबकडी बिघडली तर तक्रार फोनच्या पडद्यावर नोंदवायची आणि वाट पाहायची. तार बिघडली तर नावाने हाक मारता येते. व्यापारी माणसाला या फरकाचे मोल सांगावे लागत नाही. त्याचे स्वतःचे दुकानही त्याच विश्वासावर उभे असते.

नदीच्या खालच्या अंगाला

शहापूरच्या घराचा निर्णय म्हणजे सर्वांचा निर्णय नव्हे, हे समजायला वैनगंगेच्या काठाने दक्षिणेकडे जावे लागते. भंडारा शहराला वळसा घालून ही नदी पवनीकडे जाते, गोसेखुर्दच्या धरणात विसावते आणि पुढे गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत राहते. तिथे महामार्ग मागे राहतात आणि जंगल दाट होते. भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटा नदीला पूर आला, की पूल पाण्याखाली जातो आणि तालुक्याचा जगाशी संपर्क तुटतो. १९७३ पासून हेमलकशात चालणाऱ्या लोकबिरादरी प्रकल्पाने असे कितीतरी पावसाळे पाहिले आहेत. डोंगर आणि नाले ओलांडून तार तिथे नेणे कष्टाचे, आणि नेलेली टिकवणे त्याहून कष्टाचे. तिथल्या आरोग्य केंद्राला, शाळेला, चार गावांना धान्य-मीठ पुरवणाऱ्या एखाद्या दुकानदाराला आकाशाची वाट ही चैन ठरत नाही. तीच पहिली वाट असू शकते.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. असे करणारे हे देशातील पहिले राज्य. त्यात प्रथम नावे आली ती गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांची. भंडाऱ्याचे नाव त्यात नाही, आणि त्यात खंत करण्यासारखे काही नाही. २०११ मध्ये मंजूर झालेल्या, पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या केंद्र सरकारच्या योजनेतही हाच क्रम होता : ग्रामपंचायतींपर्यंत शक्य तिथे काचेची तार, आणि तार पोहोचणे अशक्य त्या दुर्गम गावांसाठी उपग्रह.

संकटाच्या वेळी मात्र आकाशाची गरज कोणालाही पडू शकते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा जिल्ह्यात शिरकाव केला, तो अनुभव इथल्या लोकांच्या स्मरणात ताजा आहे. दूर प्रशांत महासागरात जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगा या बेटराष्ट्राची समुद्राखालची एकमेव आंतरराष्ट्रीय तार तोडली. ती जोडायला पाच आठवडे लागले, आणि तोवर उपग्रहांनीच त्या देशाचा आवाज जगापर्यंत पोहोचवला. म्हणून प्रत्येक घरावर नसली, तरी ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या छपरावर एखादी तबकडी असावी, हा विचार शहापूरसारख्या गावांनीही करण्याजोगा आहे. गावातल्या व्यापाऱ्यांनी मिळून त्याचा भार उचलला, तर कोणालाही तो जड होणार नाही.

संध्याकाळी परतीचा प्रवासी शहापूरजवळून जातो तेव्हा दुकानांचे दिवे लागलेले असतात आणि बांध्यांवर काळोख उतरत असतो. त्या दिव्यांमागे असे एखादे घर असेल, ज्याच्या वरच्या खोलीत नातू कामाला बसला आहे आणि खाली आजोबा दिवसाचा हिशेब मांडत आहेत. चातुर्मासाची ती वही दुकानाच्या कपाटात, खतावणीशेजारी ठेवली आहे. तिच्या शेवटच्या पानावर तार जोडणाऱ्या तरुणाचा फोन क्रमांक आहे, आणि त्याखाली आजोबांच्या हस्ताक्षरात पुढच्या कार्तिकाची तिथी.